पुस्तकं द्याच, पण जामीनदारही शोधा

‘तुरुंगात पुस्तकं देण्यापलीकडे आपण सामान्य माणसं काय करणार?’ या प्रश्नावर थोडी भर घालतो.

देशातल्या तुरुंगांत दर चारातले साधारण तीन जण न्यायबंदी आहेत, म्हणजे गुन्हा अजून शाबित व्हायचाय. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहिलेले त्यात बरेच. मी विधी स्वयंसेवक म्हणून जायला लागलो, तेव्हा एका पोराने भावाचा नंबर दिला. शेवटचा आकडा तीन की आठ, आठवेना. मोबाइल जप्त झालेला. दोन्ही लावून पाहिले, आठवाला लागला. भावाला हा आत आहे हेच ठाऊक नव्हतं! पुढे भावाला जामीनदार म्हणून उभं करायला रेशन कार्ड, पगाराची स्लिप, कोर्टाच्या चकरा. माझं काम एवढंच. वकिली पदवी लागत नाही, चिकाटी लागते (आणि चहाला सुटे पैसे).

दोन गोष्टी माहीत असू द्या. जामीन मिळून महिनाभरात हमी भरता आली नाही, तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेत. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (अटक, जामीन, खटला कसा चालवायचा हे सांगणाऱ्या कायद्याचं) कलम ४७९: पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर (हजर राहीन अशा लेखी हमीवर) सोडायची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, आणि इतर खटले प्रलंबित नसतील तर.

जिल्हा कोर्टाच्या आवारातच बहुधा मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. तिथे स्वयंसेवकांची निवड कधी आहे ते विचारा.