देशभक्तिपर गीतांचा तास गणिताला द्यायचा?

सातवा तास: परवा कुणीतरी लिहिलं, ‘पहिली-दुसरीच्या पोरांना देशभक्तिपर गीतं शिकवणं ही निव्वळ पोपटपंची. तो वेळ गणिताला द्या.’ दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. अठरा वर्षं प्राथमिकला शिकवते. पोपटपंची होते ती अर्थ न सांगितल्यामुळे. माझ्या वर्गातली एक मुलगी ‘उच्छल जलधि तरंग’ऐवजी रोज ‘उज्ज्वल जल दे तरंग’ म्हणायची. जलधि म्हणजे समुद्र, उच्छल म्हणजे उसळणारा, एवढं सांगितलं आणि भिंतीवर नकाशा लावला. उत्कल म्हणजे ओडिशा म्हटल्यावर बोट ठेवायला पोरांची झुंबड! सगळं मिळून ५२ सेकंदांचं राष्ट्रगीत. गणिताचं काय नुकसान झालं?

गुलमोहर: तुमच्यासारख्या बाई किती जणांना मिळतात? परिपाठात तोंड उघडलं नाही म्हणून माझ्या मुलाला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. तो बोलताना अडखळतो. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या तीन भावंडांना शाळेतून काढणं चूक ठरवलं होतं. श्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत गात नव्हती, पण आदराने उभी राहायची. माझा मुलगाही उभाच होता.

सातवा तास: अडखळणारी मुलं सगळ्यांसोबत गाताना सहसा अडखळत नाहीत, उलट गाण्याने...

गुलमोहर: माझ्या मुलाला तुम्ही पाहिलंय का? नाही ना? मग राहू द्या.

काळी दोन: मुलं गात नाहीत याचं खरं कारण पट्टी! स्पीकरवर पुरुषी आवाजातलं रेकॉर्डिंग लावायचं आणि सहा वर्षांच्या पोरांनी त्यामागे गायचं. निम्मी खाली गुरगुरतात, निम्मी किंचाळतात. पेटी कपाटावर धूळ खातेय.

आडवाट: आमच्याकडे चार वर्ग आणि दोन शिक्षक. पेटी कोण वाजवणार? २०२३ पासून परिपाठात राज्यगीतही आलंय. स्पीकर नसता तर हजेरी कधी घेतली असती?

काळी दोन: पेटी नसली तरी चालेल, शिक्षकाचा गळा पुरे. दोन ओळी स्वतः म्हणून दाखवा, मुलं उचलतात.

आडवाट: वीस वर्षं फळ्यासमोर ओरडून गळा बसलाय माझा. घरी बसून पट्ट्या सांगणं सोपं आहे. एक दिवस पहिली आणि दुसरी एकत्र सांभाळून दाखवा.

काळी दोन: गळ्याचं मान्य. पण मग गाणाऱ्या चौथीतल्या मुलीला पुढे उभं करा. तिची पट्टी बाकीच्यांना आपोआप जमते. स्पीकर नकोच.

आडवाट: हं. एक आहे तशी. सोमवारी बघतो.

सातवा तास: गुलमोहर, बाहेर उभं करणं चूकच. मघाशी मी घाई केली. त्याला नकाशापाशी उभं करायला सांगा. बाकीचे गातील तसं त्याने एकेका प्रदेशावर बोट ठेवायचं.

गुलमोहर: नकाशाचं बाईंच्या कानावर घालते. पण गाण्याची सक्ती नको, हे माझं मत बदललेलं नाही.