संत्रा बर्फीची नोंदणी रसाच्या बाटलीला लागू होते काय?

प्रश्न (वरुड तालुका): आमच्या बचत गटाच्या संत्रा बर्फीचे नाव व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) म्हणून वर्ग ३० मध्ये, म्हणजे मिठाईसारख्या खाद्यपदार्थांच्या गटात, नोंदलेले आहे. आता तेच नाव दुसरा एक उत्पादक संत्र्याच्या रसाच्या बाटलीवर छापतो. त्याला अडवता येईल काय?

उत्तर १: ताई, रस वर्ग ३२ मध्ये येतो हे खरे, तथापि व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम २९(२) नुसार माल सारख्या स्वरूपाचा असेल आणि गिऱ्हाइकाची गफलत होण्याचा संभव असेल, तर वर्ग वेगळा असूनही दाद मागता येते. दोन्ही माल एकाच दुकानात, एकाच फळीवर विकले जात असतील तर तुमची बाजू भक्कम आहे.

उत्तर २: उलट बाजूही ध्यानात घ्यावी. ‘नंदिनी’ दूध आणि ‘नंधिनी’ उपाहारगृह या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की एका वर्गातील काही वस्तूंच्या नोंदणीने त्या संपूर्ण वर्गावर मक्तेदारी मिळत नाही. कलम २९(४) चे संरक्षण अगदी वेगळ्या मालापर्यंत पोहोचते, परंतु त्यासाठी भारतात नावलौकिक सिद्ध करावा लागतो; तालुक्यातील ओळख तेवढ्यास पुरेल असे मला वाटत नाही.

उत्तर ३: रस काढण्याचा खरोखर विचार असेल, तर वर्ग ३२ साठीही अर्ज करावा. जुनी बिले आणि तारीख असलेली वेष्टने मात्र आजच जपून ठेवा.