पाठ टेकली की कुस्ती संपते, मग ही सुरू कशी होते?

सांगलीकर_८६

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात आजोबा पैलवान, वडील पैलवान. वडिलांनी, म्हणजे आबांनी, जत्रांच्या फडात वीसेक वर्षं लंगोट लावला. घरी दोन चांदीच्या गदा होत्या, आता एकच आहे. दुसरी माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी सोनाराकडे गेली. मी तालमीत सातवीपर्यंत गेलो. मग शाळा, कॉलेज, पुणे, आयटी आणि पोट.

दीड वर्षापूर्वी इथे जिउ-जित्सूचा क्लास लावला, म्हणजे जमिनीवर लोळून गळा आवळत, हात पिळत समोरच्याला हार मानायला लावायची कुस्ती. वय ३८, पट्टा पांढरा. दोन महिन्यांनी पहिली स्पर्धा आहे, छत्तिशीपुढच्या गटात, पाच मिनिटांची लढत. आबा बघायला येणार म्हणतात आणि तिथेच घोळ आहे. त्यांना क्लासमधला व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, "आरं, पाठ लागली की कुस्ती संपली. तू तर पाठीवर निजूनच सुरुवात करतुयास. हे काय, आस्मान बघायला फी भरतुस व्हय?"

माझी खरी अडचणही तीच आहे. खाली पडलो की अंग आपोआप पोटावर वळतं. लहानपणी वस्तादांनी तेच तर घोटून घेतलं होतं: मर, पण पाठ लावू नको. इथे मी वळलो की समोरचा पाठीवर चढतो, दोन्ही टाचा मांड्यांत अडकवतो, ४ गुण घेतो आणि वर गळाही आवळतो. आठवड्यातून तीनदा.

शिवाय वहीत साठेक डाव लिहून झालेत. रोलिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, त्यातला एकही बसत नाही.

तर प्रश्न असा की दोन महिन्यांत नेमकं काय घोटू? आणि एक अवांतर. ब्राझीलमध्ये ज्यांनी हे जिउ-जित्सू घडवलं त्या ग्रेसी कुटुंबाने तीन-चार पिढ्या हे कसं टिकवलं असेल? आमच्याकडे तिसऱ्याच पिढीत संपलं.

---

खडाखडी

आबांना माझा दंडवत. आस्मान बघायची फी हे वाक्य मी चोरणार आहे.

अवांतराबद्दल लिहितो, कारण डावातलं मला काही कळत नाही, मी नुसता प्रेक्षक. लोकांना वाटतं ग्रेसी म्हणजे नुसते जिंकणारे. हेलिओ ग्रेसीची सगळ्यात गाजलेली लढत तो हरलेला आहे. १९५१, रिओचं माराकाना स्टेडियम, समोर जपानचा जुडोका मासाहिको किमुरा, वजनाने बराच भारी. किमुराने हात मागे पिळला, हाड मोडलं, तरी हेलिओ थाप मारेना, म्हणजे हार मानेना. शेवटी भाऊ कार्लोसने लढत थांबवली. आता गंमत बघा. तो हात पिळायचा डाव आज जगभर "किमुरा" म्हणून शिकवला जातो, ग्रेसींच्या स्वतःच्या शाळांतसुद्धा. ज्याने आपल्याला पाडलं त्याचंच नाव डावाला! आपल्याकडे त्याच्या गावाशी सोयरीकही झाली नसती.

१९५५ ला हेलिओ परत हरला, तेही वाल्देमार सांतानाकडून, म्हणजे स्वतःच्याच जुन्या शिष्याकडून. साडेतीन तासांहून जास्त चालली ती लढत. हेलिओ तेव्हा चाळिशी ओलांडलेला, तुमच्यापेक्षा मोठा. मग कार्लोसच्या मुलाने, कार्लसनने, सांतानाशी लढून हिशेब चुकता केला. माझं मत विचाराल तर घराणं टिकलं ते या हरलेल्या लढतींमुळे. कुणीतरी हरायचा आणि पुढच्याला काम मिळायचं.

---

तपकिरी_पट्टा

सांगलीकर, आधी वही कपाटात ठेवा.

रॉजर ग्रेसीच्या लढती बघा. कार्लोसचा नातू, जन्म १९८१, काळ्या पट्ट्यात दहा जागतिक सुवर्णं. २००९ मध्ये त्याने स्वतःचा वजनगट आणि खुला गट दोन्ही जिंकले, तेही समोर आलेल्या प्रत्येकाला थाप मारायला लावून. त्याचा हुकमी डाव कोणता? तुम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलेला. छातीवर बसायचं, म्हणजे माउंट, आणि गीची, म्हणजे अंगातल्या जाड सुती कोटाची, कॉलर धरून कैची लावायची. समोरच्याला माहीत असायचं, पंचाला माहीत असायचं, वर बसलेल्या पोरांनाही माहीत असायचं. उंची सहा फूट चार इंच आहे म्हणून जमतं, असं आमच्या क्लासमध्ये एक जण दर महिन्याला म्हणतो. असेल बुवा. उंच माणसं पुष्कळ आहेत.

मी ती कैची चार वर्षं चुकीची लावत होतो. दोन्ही हात घाईने घालायचो आणि मनगटाने ओढायचो. रॉजर काय करतो ते बघा. पहिला हात घालतो, चार बोटं कॉलरच्या आत, पार मानेच्या मागे शिवणीपर्यंत. आणि थांबतो. नुसता बसून राहतो, वजन छातीवर. आता खालच्याची पंचाईत. मान वाचवायला त्याने हात वर आणले की कोपरं उघडी पडतात आणि आर्मबार, म्हणजे कोपर उलटं वाकवायचा डाव, मिळतो. कोपरं मिटून ठेवली तर दुसरा हात सावकाश आत जातो. मग मनगटं वळवायची, कपाळ जमिनीकडे न्यायचं, कोपरं आपल्याकडे आणायची. ओढायचं नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या नसा दाबल्या जातात, माणूस काही सेकंदांत थाप मारतो. डावपेच म्हणाल तर एवढाच. आपण घाई करायची नाही आणि समोरच्याला दोन वाईटांतलं एक निवडायला लावायचं.

तुमच्यासाठी सरळ रस्ता आहे. पट, म्हणजे पाय धरून पाडणं, तुमच्या अंगात आहे, तो काढा, २ गुण. पण पट काढताना डोकं त्याच्या काखेखाली राहू देऊ नका. तालमीत गळा आवळत नाहीत म्हणून पैलवान मान मोकळी सोडतो आणि इथे गिलोटिन, म्हणजे काखेत मान धरून गळा आवळायचा डाव, खातो. खाली पाडल्यावर तो पायांची कैची घालेल. त्याच्या पायांत असताना कॉलरच्या मोहात पडू नका, लांबवलेला हात तो घेऊन जाईल. आधी पाय ओलांडा, ३ गुण. मग माउंट, ४. तिथे तीन सेकंद टिकलात तरच गुण मिळतात. बाकी वेळ कॉलरमध्ये एक हात घालून बसा. आबांनाही बघायला बरं वाटेल, पोरगा वर आहे.

पोटावर वळायचं कसं मोडायचं? रोज पंधरा मिनिटं खालून सुरुवात करा, जोडीदाराला वर बसवून. वळायचं नाही, कुशीवर यायचं. कोपर आणि गुडघा एकमेकांना टेकवायचा, कंबर मागे ढकलायची. आमची पोरं त्याला कोळंबी म्हणतात. पहिले दोन आठवडे लाज वाटेल.

---

पैलवानाची_लेक

वरच्या प्रतिसादात एक गोष्ट राहिली. रॉजर हा ग्रेसी आहे तो आईकडून. वडील मॉरिसिओ गोमेस, तेही काळा पट्टावाले. आई रेयला ही कार्लोसची मुलगी. कार्लोसला एकवीस मुलं, पण मुलींनी गादीवर उतरायची रीत त्या घरात नव्हती. कायरा ग्रेसीसुद्धा आईच्याच बाजूने ग्रेसी. ती उतरली, काळा पट्टा घेतला आणि एडीसीसी ही गी न घालता लढायची जागतिक स्पर्धा २००५, २००७ आणि २०११ अशी तीनदा जिंकली. म्हणजे ज्यांना शिकवलंच नाही, त्या लेकींच्या पोटी हे दोघं आले.

माझे वडील मला तालमीच्या दारात चप्पल सांभाळायला बसवायचे. सगळे डाव मला तिथूनच पाठ झाले.

सांगलीकर, तुम्हाला मुलगी आहे का?

---

सांगलीकर_८६

सगळ्यांचे आभार. मुलगी आहे, नऊ वर्षांची. तिला बॅडमिंटन आवडतं, त्यामुळे तो विषय तूर्तास बंद. पण प्रश्न डोक्यात राहिलाय.

गेल्या शनिवार-रविवारी गावी गेलो होतो. खडाखडींची साडेतीन तासांची गोष्ट आबांना सांगितली. त्यांना नवल वाटलं नाही. "आमच्या येळंला अंधार पडला की बरोबरीत सोडवायचे," म्हणाले. किमुराचं नाव डावाला दिलं हे मात्र त्यांनी परत सांगायला लावलं.

मग मी सोप्यात सतरंजी अंथरली, गी घातला आणि खाली झोपलो. त्यांना म्हटलं, छातीवर बसा. बसले. वय ७१, गुडघे कुरकुरतात, पण वजन कुठे टाकायचं ते सांगावं लागलं नाही. मला श्वास घेता येईना. म्हटलं, आता कॉलर धरा. इथे मात्र अडले. आयुष्यभर उघडं अंग आणि लंगोटाचा काठ धरलेला हात, गळ्यातलं कापड काय करायचं कळेना. चार बोटं आत घातली, अंगठा कुठे ठेवू म्हणून विचारलं. मी दाखवला. दुसरा हात घातला आणि ओढायला लागले, तपकिरी_पट्टा यांनी चार वर्षं केलं तसंच. काही झालं नाही. मग स्वतःच थांबले. थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि नुसती मनगटं वळवली.

मी सतरंजीवर थाप मारली. त्यांना थापेचा अर्थ माहीत नव्हता. दुसऱ्यांदा मारली तेव्हा आई आतून ओरडली.

उठल्यावर म्हणाले, "हे ठीक हाय. पण पाठीवर निजायचं ते काय मला पटत न्हाई."

खालून सुरुवात करायचा सराव सुरू केलाय. सहा दिवसांत दोनदाच पोटावर वळलो. आता एक फुटकळ प्रश्न. आईने गी गरम पाण्यात भिजवला आणि बाह्या मनगटाच्या चार बोटं वर आल्यात. स्पर्धेत बाहीची लांबी मोजतात म्हणे. हा चालेल की नवा घ्यावा लागेल?