फोंतेन्हास बघायला पणजीत येतोय, गाडी कुठे लावू?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहाजण गोव्यात येतोय. मी, बायको, दोन मुलं आणि आई-बाबा. गाडी अर्टिगा. मुक्काम म्हापशाला नातेवाइकांकडे आहे. एक सकाळ फक्त पणजीसाठी ठेवली आहे. फोंतेन्हास या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या, पांढऱ्या पायऱ्यांचं ते चर्च आणि महालक्ष्मीचं देऊळ एवढंच बघायचं आहे.

चार वर्षांपूर्वी आलो होतो तेव्हा अठरा जून रस्त्यावर पाऊण तास नुसत्या घिरट्या घातल्या. शेवटी वैतागून एका भिंतीलगत गाडी लावली. परत आलो तर पुढच्या चाकाला जॅमर. दंड भरून सुटका होईपर्यंत दुपार झाली, मुलं रडकुंडीला आली आणि फोंतेन्हास राहिलंच. चूक माझीच होती, नो पार्किंगची पाटी झाडाआड होती पण होती.

या वेळी आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. सपाटीवर ती पंधरा मिनिटं चालते, चढ-पायऱ्या नकोत. बाबांना चालायला काही नाही, पण त्यांना गल्ल्यांपेक्षा पुस्तकं आवडतात. मोबाईलमधल्या नकाशावर तर फोंतेन्हासच्या अगदी आतपर्यंत गाडी जाते असं दिसतंय. तिथेच कडेला लावली तर चालेल का? की लांब लावून चालत यावं?

डिचोलीकर

आत अजिबात नेऊ नका. मी बावीस वर्षं नोकरीसाठी रोज पणजीला येतो, चारचाकी शहरात कधी घालत नाही.

म्हापशाहून येताना अटल सेतूवर चढू नका, तो शहराच्या डोक्यावरून पलीकडे घेऊन जातो. खालच्या मांडवी पुलाने या. उतरलात की दिवजा सर्कल लागेल. तिथून शहरात न शिरता कदंब बसस्थानकाच्या बाजूला, म्हणजे पाटोला वळा. तिथे बहुमजली पार्किंग आहे. टपावर कॅरियर बांधला असेल तर आत शिरताना उंचीची पाटी तेवढी वाचा. पावती जपून ठेवा. पर्वरीत उड्डाणपुलाचं काम चालू असेल तर खोळंबा होतो, म्हापशाहून साडेसातच्या आत निघा.

नेरूळचा

या प्रश्नकर्त्यांना उपयोग नाही, पण बेती, वेरें, नेरूळ भागात उतरणाऱ्यांसाठी लिहितो. गाडी मुक्कामाच्याच ठिकाणी राहू द्या आणि बेतीहून फेरीबोट धरा. चालत चढणाऱ्याला तिकीट नाही. पाच-सात मिनिटांत पणजीच्या धक्क्यावर. समोरच जुनं सचिवालय, म्हणजे आदिलशहाचा वाडा, आणि त्याच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा. संमोहनविद्येतला हा माणूस आमच्या शेजारच्या कांदोळीचा, 1756 चा जन्म. मुलांना तो पुतळा नक्की दाखवा, खाली पडत असलेल्या बाईवर हात पसरून उभा आहे.

मळ्यातली माई

कृष्णाकाठ, तुम्ही आधी विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी 1987 साली लग्न होऊन या घरात आले. आमचं घर मळा नावाच्या भागात, फोंतेन्हासला लागून. अल्तिनोचा डोंगर पाठीशी आणि ओरेंची खाडी समोर, मधल्या चिंचोळ्या पट्टीत हा सगळा वाडा बसलेला. डोंगराच्या पायथ्याशी जो झरा आहे, फोंत फेनिक्स, त्यावरूनच फोंतेन्हास नाव पडलं असं इथे सगळे सांगतात. घरं बांधली तेव्हा मोटार कुणाच्या स्वप्नात नव्हती. आमचं दार सरळ रस्त्यावर उघडतं. अंगण नाही, फाटक नाही, दोन पायऱ्या आणि लगेच डांबर. कुणी दारासमोर गाडी लावली तर दार उघडतं, पण माणूस आडवा होऊनच बाहेर पडतो. शेजाऱ्यांनी म्हणून दाराशी तुळशीच्या दोन कुंड्या मांडल्या. त्या उचलून बाजूला ठेवून लोक गाडी लावतात.

गेल्या वर्षी जानेवारीत पहाटे साडेपाचला सासूबाईंना धाप लागली. 108 ला फोन केला, रुग्णवाहिका वेळेत आली, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबली. वळणावर एक भाड्याची गाडी होती, काळ्या पाटीची. आरसे मिटलेले, भिंतीपासून चार बोटांवर. लावणारा जवळच कुठेतरी झोपलेला असणार, पण काचेवर फोन नंबर नाही, हाक कुणाला मारायची? माझा मुलगा, चालक आणि शेजारचे दोघे अशा चौघांनी स्ट्रेचर हातावर उचलून नेलं. त्या गाडीपाशी ते तिरकं करावं लागलं. सासूबाईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि त्यांनी माझ्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. स्ट्रेचर तिरकं झालं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. त्या बऱ्या होऊन घरी आल्या, देवाची कृपा. पण तेव्हापासून रात्री गल्लीत गाडीचा आवाज झाला की मी खिडकीतून बघते, कुठे लावतायत ते.

गाडी लावणारा तो माणूस वाईट नसणार. त्याला मोबाईलने आत आणलं आणि मोकळी जागा दिसली. इथे मोकळी दिसते ती जागा कुणाच्या तरी जाण्यायेण्याची असते, हे बाहेरच्याला कळणार कसं? सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पों पों वाजवत येतो, त्याची सायकलसुद्धा दोन्हीकडून गाड्या लागल्या की अडते. मग तो कोपऱ्यावर उभा राहून भोंगा वाजवत राहतो आणि म्हातारी माणसं पावासाठी तिथवर चालत जातात.

तर गाडी पाटोलाच लावा. डिचोलीकरांनी रस्ता बरोबर सांगितलाय. तिथून ओरेंच्या खाडीवर पादचारी पूल आहे. तो ओलांडलात की तुम्ही थेट फोंतेन्हासच्या कडेला, रुआ दि ओरेंवर. माझ्या चालीने सात-आठ मिनिटं, तुमच्या आईच्या चालीने बारा धरा. पुलावर दोन मिनिटं थांबून समोर बघा. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं आणि वर अल्तिनोची झाडी, सगळं एका नजरेत मावतं. गाडीतून आत शिरणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

आईंना तेवढंही नको असेल तर सगळ्यांना पोस्टाजवळ उतरवा. तिथून एकतीस जानेवारी रस्ता सपाट आहे. तुम्ही एकटे पाटोला जाऊन गाडी लावा आणि येताना पायलट करा. आमच्याकडे मोटरसायकल टॅक्सीला पायलट म्हणतात, गाडीला पिवळा मडगार्ड असतो. बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. पोस्टाची ती इमारत जुन्या काळी तंबाखूची वखार होती.

सेंट सेबेस्तियनचं कपेल, म्हणजे छोटं चर्च, 1880 चं, गल्लीच्या टोकालाच आहे. आतल्या क्रुसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत, हे आईंना दाखवा. मोठ्या चर्चच्या पायऱ्या मात्र त्यांना चढू देऊ नका. ते चर्च पहिल्यांदा 1541 मध्ये उभं राहिलं आणि 1619 मध्ये पुन्हा बांधलं, पण त्याची खरी शोभा समोरच्या चौकातूनच दिसते. आईंना खाली बाकावर बसवा. महालक्ष्मीचं देऊळ तिथून लांब नाही, पण त्यांच्यासाठी रिक्षा करा.

आणि बाबांसाठी. पाटोलाच संस्कृती भवनात कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, 1832 पासूनचं. मराठी पुस्तकांचा विभाग मोठा आहे. त्या दिवशी सुट्टी नाही ना एवढं बघून घ्या. त्यांना तिथे सोडलंत तर तुम्हाला घाई करावी लागणार नाही.

पे पार्किंग म्हणून रस्त्याच्या कडेला कुणी हात दाखवला तर आधी दरफलक बघा, छापील पावती मागा. मागच्या वर्षी माझ्या भावाकडून एका माणसाने पैसे घेतले आणि संध्याकाळी तिथे ना तो माणूस होता, ना पावती.

डिचोलीकर

माईंनी लिहिलं ते वाचून मीही आता स्कूटर गल्लीत लावायच्या आधी विचार करीन. एक भर घालतो. संध्याकाळी पाचनंतर मांडवीकाठच्या बांदोडकर मार्गावर कॅसिनोच्या गाड्यांची रांग लागते, त्याआधी पूल ओलांडा. कार्निव्हाल आणि शिगमोच्या मिरवणुकीच्या दिवशी चारचाकीने येऊच नये. 8 डिसेंबरला चर्चचं फेस्त असतं, तेव्हाही फेरी, म्हणजे जत्रा, भरते आणि रस्ते तुंबतात. शेवटच्या आठवड्यात तुम्हाला ती अडचण नाही, पण गर्दी पुष्कळ असेल.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. माई, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. आई म्हणाली, मी चालेन पुलावरून. एकच शंका, मुलांना फोटो काढायचे आहेत. लोक रागावतात का?

मळ्यातली माई

भिंतींचे, गल्लीचे खुशाल काढा. उघड्या दारातून आत कॅमेरा धरू नका आणि कुणाच्या पायरीवर चढून उभे राहू नका. माझ्या नणंदेकडे बाहेरच्या सोफ्यावर बसून फोटो काढून गेले लोक, ती आत भात चढवत होती. कुणी दारात बसलेलं असेल तर विचारा. विचारलं की बहुतेक हो म्हणतात.

पुढे कधी पावसाळ्यात यायचं झालं तर एक लक्षात ठेवा. जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली की मळ्यात रस्त्यावर पाणी चढतं. तेव्हा तर खाडीकाठी गाडी मुळीच नको.

कृष्णाकाठ (सांगली)

जाऊन आलो, म्हणून पुढच्यांसाठी लिहितो. साडेआठला पाटोला पोहोचलो, पहिल्या मजल्यावर लगेच जागा मिळाली. आई पुलावरून चालत गेली, मध्ये एकदा कठड्याला टेकली. त्या वेळी समोरच्या काठावर पोदेर चालला होता, मुलांनी धावत जाऊन त्याच्याकडून गरम पाव घेतले आणि आम्ही ते पुलावरच उभ्याने खाल्ले. बाबा ग्रंथालयातून एकला बाहेर आले, तेही दोनदा फोन केल्यावर. गल्लीत दोन ठिकाणी दारासमोर तुळशीच्या कुंड्या दिसल्या. माई, त्यातलं तुमच्या शेजाऱ्यांचं घर कोणतं ते कळलं नाही, पण दोन्हीकडे कुंड्या जागच्या जागी होत्या.

सव्वाला गाडी काढली तेव्हा आत यायला बाहेर वीसेक गाड्या खोळंबल्या होत्या. जायचं तर नऊच्या आत.