मदत हवी आहे: आईच्या इन्सुलिनच्या सुया खेड्यात टाकायच्या तरी कुठे?

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. घरची 6 एकर शेती, बैलजोडी, एक गाय. आईला 3 वर्षांपासून इन्सुलिन सुरू आहे, सकाळी आणि रात्री, लाल टोपणाच्या 40 युनिटवाल्या सिरिंजनं. टोचून झालं की ती टोपण लावायची आणि सिरिंज केराच्या टोपल्यात टाकायची. टोपलं जायचं उकंड्यावर. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. चूक माझी आहे, आईची नाही. घरात शिकलेला मी होतो.

मागच्या आठवड्यात मृगाच्या आधी वावरात खत फेकणं चालू होतं. बंडीनं नेलेलं शेणखत बाया घमेल्यानं पसरवत होत्या. आमच्याकडे कित्येक वर्षांपासून येणाऱ्या एका काकूंच्या अंगठ्यात, नखाच्या बाजूला, काहीतरी घुसलं. त्यांना वाटलं काटा असन. ओढून फेकला, अंगठा तोंडात धरून रक्त चोखलं, वरून माती लावली आणि पुन्हा घमेलं उचललं. संध्याकाळी मजुरी घेताना सहज बोलल्या की काटा लोखंडासारखा चमकत होता. मी तसाच बॅटरी घेऊन वावरात गेलो. ढिगाच्या कडेला सिरिंज सापडली. टोपण गळून गेलेलं, सुई वाकलेली, नळीवर शेण वाळून चिकटलेलं. पुसल्यावर 40 चा आकडा स्पष्ट दिसला. ती आमच्याच घरची होती.

रात्रीच काकूंना गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि सुई कोणाची ते विचारलं. आईचं रक्त तपासलं: एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, तिन्ही निगेटिव्ह. काकूंना काविळीची लस सुरू केली. काकू म्हणतात, "काही नाही होत बाप्पा, तू कायले जीवाले लावून घेतं." पण आईचा रिपोर्ट येईपर्यंत मला डोळ्याला डोळा लागला नाही. आईच्या रक्तात काही असतं, तर मी काकूंच्या घरी काय तोंड दाखवलं असतं?

आता अडचण अशी आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारलं तर "बाहेरचा कचरा घेत नाही" म्हणाले. औषधाच्या दुकानात म्हणाले जाळून टाका. चुलीत जाळून पाहिलं. प्लास्टिक वितळलं, घरभर धूर झाला, सुई मात्र जशीच्या तशी राखेत. आणि त्याच राखेनं आई भांडी घासते! मग जाळणं बंद केलं. घंटागाडी आमच्या गावात येत नाही. पुरायचं म्हटलं तर आज ना उद्या नांगर तिथून जाणारच.

दुसरं म्हणजे, 11 बंड्या खत आधीच वावरात पडलं आहे. त्यात अजून किती सुया असतील कोण जाणे. चुंबक फिरवून निघतील का? कोणी असं काही निस्तरलं असेल तर कृपया सांगा. पेरणी तोंडावर आहे.

*

प्रतिसाद, आशा स्वयंसेविका, यवतमाळ जिल्हा:

भाऊ, तुम्ही काकूंना त्याच रात्री नेलं हे फार चांगलं केलं. आमच्याकडे बाया आठ-आठ दिवस सांगत नाहीत.

आजपासून घरात एक जाड प्लास्टिकची बाटली ठेवा. कपडे धुण्याच्या लिक्विडची किंवा फिनाईलची चालते, तिला घट्ट फिरकीचं झाकण असतं. पाण्याची पातळ बाटली नको, तिच्यातून सुई आरपार येते. टोचून झालं की टोपण न लावता, सुई खाली करून सिरिंज थेट बाटलीत. टोपण परत लावताना सुई पुष्कळदा बोटात घुसते, आणि आईची नजर कमी असेल तर ते आणखीच धोक्याचं. सुई वाकवू नका, पकडीनं तोडू नका, तुकडा उडून डोळ्यात जातो. बाटली पाऊण भरली की झाकण लावून चिकटपट्टी गुंडाळा आणि वर मोठ्या अक्षरात "सुया आहेत, उघडू नका" असं लिहा. लहान लेकरांच्या हाती लागू देऊ नका. धुळवडीला पिचकारी म्हणून सिरिंज घेऊन पळणारी पोरं मी स्वतः पाहिली आहेत.

एक हात जोडून विनंती. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा यासाठी घेऊ नका. घरात सहज पडलेला असतो म्हणून लोक घेतात. 2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आम्ही जवळून पाहिलं आहे. तो डबा घरात येताच कामा नये.

आणि आरोग्य केंद्रात खिडकीवर विचारू नका. गावात अंगणवाडीत लसीकरण असतं त्या दिवशी सिस्टरला भेटा. लसीच्या सुया कापायला त्यांच्याकडे हब कटर असतो, सुया पांढऱ्या डब्यात जमा होतात. केंद्रावर शार्प पिट म्हणून सिमेंटचा बंद खड्डा असतो. बंद बाटली नेली तर वैद्यकीय अधिकारी बहुधा नाही म्हणत नाहीत. सुट्या सुया पिशवीत घालून नेल्या तर कोणीही हात लावणार नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे.

*

प्रतिसाद, रक्त तपासणी प्रयोगशाळेत काम, अमरावती:

वरचं सगळं बरोबर. टोचल्यावर काय करायचं तेवढं लिहितो. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं. दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात तर अजिबात धरायचं नाही. हळद, चुना, माती काही लावायचं नाही. शेण-मातीत धनुर्वाताचे जंतू असतातच, म्हणून ते इंजेक्शन लागतं. सुई कोणाची ते माहीत नसेल तर सकाळची वाट पाहू नका. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या शक्यतो 2 तासांच्या आत आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, मग 28 दिवस घ्यायच्या. सरकारी जिल्हा रुग्णालयात मिळतात. 1097 हा फुकट नंबर आहे, तिथेही विचारता येतं.

काकूंना एक सांगा, म्हणजे त्यांच्याही मनाला बरं वाटेल. एचआयव्ही असलेल्या माणसाची ताजी सुई टोचली तरी लागण होण्याचं प्रमाण हजारात साधारण 3 आहे. कावीळ ब मात्र चिवट, तिचा विषाणू शरीराबाहेर 7 दिवस टिकतो. म्हणून लसीचे तिन्ही डोस पुरे करा. पहिल्या इंजेक्शननंतर लोक येत नाहीत, हा आमचा रोजचा अनुभव.

*

प्रतिसाद, पशुधन पर्यवेक्षक:

चुंबकावर भिस्त ठेवू नका. या सुया स्टेनलेस स्टीलच्या असतात, चुंबक त्यांना धड ओढत नाही. खत हातानं उकरू नका, दताळ्यानं ओढा, पायात गमबूट घाला.

उकंड्याजवळ गाय बांधत असाल तर आजच जागा बदला. जनावर चावून खात नाही, गिळतं. सुई-खिळा पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसतो, आणि त्याच्या पुढे लगेच काळीज. गाय चारा सोडते, पाठ कमानीसारखी करते, उतारावर जायला कुथते, आणि मालकाला वाटतं अपचन झालं. गावात टोचणी करणाऱ्यांच्या सुयाही गोठ्यातच पडतात. माझ्याही हातून पूर्वी पडल्या आहेत. आता गाडीच्या डिक्कीत डबा ठेवतो.

*

प्रतिसाद, निवृत्त ग्रामसेवक:

2016 च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंज "घरगुती घातक कचरा" म्हणून स्पष्ट लिहिल्या होत्या. दवाखान्यांचे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम वेगळे, त्याच वर्षीचे. म्हणून केंद्रवाले "बाहेरचा" म्हणतात. ग्रामसभेत लेखी अर्ज द्या: गावात इन्सुलिन घेणारे किती, महिन्याला सुया किती, हे आकडे घाला. आकडे दिसले की ठराव होतो.

*

मूळ धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल अंगणवाडीत लसीकरण होतं, सिस्टरला भेटलो. त्यांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लावला. महिन्यातून एकदा बंद बाटली घ्यायला ते तयार आहेत. आईला बाटली दाखवली. ती म्हणाली, "टोपण लावायचं नाही म्हणजे माझं एक काम वाचलं." सुई नीट दिसत नसल्यानं तिला हातानं चाचपून अंदाज घ्यावा लागायचा, हे मला काल कळलं.

खत पडलेल्या पट्ट्याच्या चारही बाजूंनी तुराट्या रोवल्या आहेत. दताळ्यानं ओढताना अजून 4 सिरिंज निघाल्या. त्या पट्ट्यात यंदा कपाशी नाही, सोयाबीन पेरतो, म्हणजे कोणाला बसून निंदावं लागणार नाही. काकूंच्या पुढच्या डोसची तारीख आमच्या कॅलेंडरवर लिहिली आहे, मीच घेऊन जाणार.

गावात घरोघरी विचारलं तेव्हा इन्सुलिन घेणारे आमच्यासकट 9 निघाले. त्यातले 7 जण उकंड्यावरच टाकतात. अर्ज लिहायला बसलो आहे. ग्रामसेवक काका, अर्जाचा मायना कसा असावा तेवढं सांगाल का?