ऑटोमॅटिक गाडी तिसऱ्या गिअरवर अडकते : सेन्सर की गिअरबॉक्स? मदत हवी आहे

खाडीपट्टा : शनिवारी आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कोल्हापूरला न्यायचंय, आंबा घाटातून. गाडी चालताना झटका देते आणि तिसऱ्यावरच राहते, चढाला दमच नाही. बंद करून परत चालू केली की ठीक. गॅरेजवाले म्हणतात गिअरबॉक्स उतरवायला लागेल, साठ हजार धरा. सेन्सरमुळे असं होतं का? लवकर सांगा.

परटवणेकर : गाडी कुठली, साल कुठलं, रनिंग किती? ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कुठल्या प्रकारचा : टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी की एएमटी? तिघांचे आजार वेगळे.

खाडीपट्टा : २००६ची सेडान, चार गिअर, टॉर्क कन्व्हर्टर, १ लाख ३८ हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही, मागच्या धाग्यावर त्यावरूनच भांडण झालं. अडकली की 'डी'चा दिवा लुकलुकतो.

आचऱ्याचो : तुमका सांगतंय, आधी गिअरबॉक्सचं ऑइल बदला. माझ्या गाडीला हेच होतं, ऑइल बदललं, आज तीन वर्षं झाली.

परटवणेकर : तेलाची तक्रार सहसा बंद-चालू केल्याने जात नाही. दिवा लुकलुकतोय म्हणजे कंट्रोलरला बिघाड दिसलाय. गिअरबॉक्स वाचवायला तो एकच गिअर धरून ठेवतो, चार गिअरच्या बऱ्याच गाड्यांत तिसरा. गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचलात का?

खाडीपट्टा : ब्लूटूथचं छोटं यंत्र आहे. पी०७०० येतो, बाकी काही नाही.

परटवणेकर : तो कोड एवढंच सांगतो की ट्रान्समिशनच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या, कंट्रोलरमध्ये बिघाडाची नोंद आहे. खरा कोड आत आहे, स्वस्त यंत्रं बहुतेक तिथवर पोचत नाहीत. ट्रान्समिशन वाचणारा स्कॅनर असलेल्याकडे जा. पी०७१५ आला तर इनपुट स्पीड सेन्सर (गिअरबॉक्समध्ये येणारा वेग मोजणारा), पी०७२० आला तर आउटपुट (बाहेर जाणारा वेग मोजणारा). झटका बसतो तेव्हा स्पीडोमीटरचा काटा काय करतो?

खाडीपट्टा : काटा एकदम शून्यावर पडतो. ते वेगळं दुखणं समजत होतो.

परटवणेकर : हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! बऱ्याच गाड्यांत काट्याला सिग्नल त्याच आउटपुट सेन्सरवरून मिळतो.

घाटउतार : टो करायची वेळ आली आणि इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जात असेल, तर पुढची चाकं उचलूनच न्या. इंजिन बंद ठेवून पुढची चाकं रस्त्यावर फिरवत ओढली तर आत तेल फिरत नाही, गिअरबॉक्स जळतो.

आचऱ्याचो : सेन्सर सेन्सर करत बसा. तेल काळं आहे का, जळका वास येतो का, ते तरी बघा.

परटवणेकर : बघा की, नको कोण म्हणतंय? तेलाची लेव्हल काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून बघतात, काहींत बंद करून. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. बदलायचं तर फक्त मशीन लावून फ्लश करू नका, ड्रेन करून, म्हणजे जुनं खालून सोडून, नवं भरा.

सुपारीबाग : एसटीने का जात नाही? रत्नागिरीहून गाड्या आहेत.

खाडीपट्टा : आईला घाटात एसटी लागते. आणि येताना डोळ्याला पट्टी असणार. स्कॅनरवाला मिळाला, पी०७२० निघाला! सेन्सरच बदलून टाकू?

चिपळूणचा वायरमन : थांबा. आधी वायर आणि कनेक्टर बघा. २०२१च्या पुरानंतर मी कितीतरी गाड्या केल्या. सेन्सर चांगला आणि पिना हिरव्या, असं सारखं दिसायचं. खाऱ्या वाऱ्यातही तेच होतं. बोनेट उघडून प्रेशरने धुतली होती का अलीकडे?

खाडीपट्टा : हो, गणपतीआधी.

चिपळूणचा वायरमन : बघा! बॅटरीची वायर काढा, कनेक्टर उघडा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. सेन्सरला दोनच वायरी असतील तर बहुधा आत कॉइल असते, तिचा ओहम, म्हणजे रेझिस्टन्स, मोजा. थंड असताना आणि गरम झाल्यावरही, कारण कॉइल गरम झाल्यावरच तुटते कधीकधी. आकडा पुस्तकातल्याशी जुळवा. तीन वायरी असतील तर ओहम मोजून काही कळणार नाही, सप्लाय आणि अर्थिंग तपासा. उंदराने वायर कुरतडली नाही ना तेही पाहा. सेन्सर काढलात तर टोक बघा : करडा मऊ लेप चालतो, लोखंडाचे कण दिसले तर मात्र गॅरेजवाला बरोबर असेल.

खाडीपट्टा : एक पिन पूर्ण हिरवी होती. साफ केली, दोन वायरी आहेत, ओहम दोन्ही वेळा पुस्तकात बसतोय. टोकावर नुसता लेप. हातखंब्यापर्यंत जाऊन आलो, काटा एकदाही पडला नाही. पण कनेक्टरची क्लिप तुटली माझ्या हातून. केबल टायने बांधून घाट चढू का?

चिपळूणचा वायरमन : चढा, पण टाय सायलेन्सरपासून लांब घ्या. आणि उद्या एकदा पाली ते साखरपा असं लांब चालवून बघा, पूर्ण गरम होऊ दे.

आचऱ्याचो : तेलाचा रंग कसा होता ते नाही सांगितलंत.