मदत हवी आहे : मच्छरदाणीचे कापड विणकामाच्या कोणत्या प्रकारात बसते?

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातील एका मराठी शाळेत शिकवते. आठवीच्या मुलांना कापडाची रचना दाखवण्यासाठी घरातल्याच वस्तूंचे तुकडे गोळा करत आहे. त्यात दोन ठिकाणी अडले आहे.

पहिला तुकडा लाल चौकडीच्या कुणबी साडीचा आहे. त्यातील चौकडी छापलेली नसून ताण्यात (उभ्या धाग्यांत) आणि बाण्यात (आडव्या धाग्यांत) ठरावीक अंतरावर रंगीत सूत घेतल्यामुळे उमटते, हे मुलांना कडेचे धागे उसवून सहज दाखवता येते. हे कापड उभे वा आडवे ओढले तर फारसे ताणत नाही, तिरके ओढले की मात्र ताणते, कारण तेव्हा धाग्यांमधले चौकोन तिरपे होतात. दुसरा तुकडा टी-शर्टचा. त्यात ताणा-बाणा नाही. सुताचा प्रत्येक फास खालच्या ओळीतल्या फासातून ओढलेला असतो, आणि ताण पडला की सूत न लांबता फासांचा आकार बदलतो. तिसरी बाजारातली भाजीची पिशवी, जिला सगळे कापडी म्हणतात. भिंगाखाली तिच्यात धागा दिसतच नाही. प्लॅस्टिकचे तंतू वेडेवाकडे पसरून उष्णतेने ठिपक्याठिपक्यांवर चिकटवलेले असतात.

अडचण मच्छरदाणीची आहे. षटकोनी छिद्रांच्या त्या जाळीत ताणा-बाणा सापडत नाही. फास असावेत असे वाटते, पण टी-शर्टसारखी ती ओळीओळीने उसवत नाही. मग तिला कुठे ठेवावे?

दुसरी अडचण शब्दांची. मागावरचे आणि सुयांवरचे, दोन्ही कामांना आपण ‘विणणे’च म्हणतो, त्यामुळे मुलांचा गोंधळ होतो. कोणते शब्द वापरावेत?

प्रतिसाद :

बाई, तुमची मच्छरदाणी फासांच्याच प्रकारातली आहे, फक्त फास घालण्याची रीत निराळी. टी-शर्टमध्ये सूत आडवे जात एका ओळीतले फास घालत जाते. अशा जाळीत मात्र प्रत्येक सुईला स्वतंत्र धागा असतो; तो लांबीच्या दिशेने जाताना नागमोडी सरकून शेजारच्या सुईवरही फास घालतो. धागे असे एकमेकांत अडकल्यामुळे एक तुटला तरी ओळ उसवत नाही. कापड उद्योगात याला वार्प निटिंग म्हणतात.

शब्दांबाबत माझे मत असे, की नवा शब्द घडवण्यापेक्षा ‘मागावरचे विणकाम’ आणि ‘सुयांवरचे विणकाम’ असे साधनासकट म्हणावे. मुलांच्या डोळ्यांपुढे लगेच चित्र उभे राहते. पिशवीला ‘न विणलेले कापड’ म्हणावे, मात्र तिच्याशेजारी नमद्याचा, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा, एखादा तुकडाही अवश्य ठेवा. लोकरीच्या तंतूंवर खवले असतात. ओल, ऊब आणि घासणे मिळाले की ते एकमेकांत रुततात आणि धागा न काढताच कापड तयार होते. न विणलेले म्हणजे प्लॅस्टिकच, असा मुलांचा समज त्यामुळे होणार नाही.